डहाणूला उतरल्यावर पुढे कुठे? तुमचे अनुभव सांगा

डिसेंबरात माहेरची मंडळी आमच्याकडे डहाणूला येताहेत. तीन म्हातारी माणसं, दोन पोरं आणि डोंगर दिसला की चढायलाच हवा असा एक भाऊ. लग्न होऊन अकरा वर्षं झाली, पण पाहुणे आले की माझी धाव पारनाक्याच्या किनाऱ्यापर्यंत नाहीतर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीपर्यंत. म्हणून हा धागा. स्वतः गेला असाल तेच लिहा, फसला असाल तर तेही.

सुरुवात मी करते. महालक्ष्मीला चैत्र पौर्णिमेपासून पंधरवडाभर यात्रा असते. गरोदर भक्तीण गड चढू शकेना म्हणून देवीच पायथ्याला आली, असं सासूबाई सांगतात. पहिल्या वर्षी त्यांनी दर्शन पाच मिनिटांत आटपलं आणि मिरच्यांच्या ढिगाशी तासभर घासाघीस केली. माझ्या डोळ्यांतून पाणी, त्या ढिम्म! डिसेंबरात मात्र गर्दी नसते, म्हाताऱ्यांना निवांत दर्शन होईल.

बोर्डीचा जावई
बोर्डीला जायच्या आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. आम्ही दुपारी तीनला पोचलो तर समुद्र जागेवर नाही! सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि समोर नुसती ओली वाळू, पाण्याची रेघ पार लांब. पोरांनी भोकाड पसरलं. मग धाकटीला खेकड्यांची बिळं दिसली. प्रत्येक बिळाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या, रांगोळीसारख्या मांडलेल्या. दोन तास तिथून हलली नाही. पाणी आलं तेव्हा आमची परतायची वेळ झाली होती.

डोंगरखुळा
ताई, भावाला बाहरोटला पाठवा. बोर्डीहून अस्वाली धरणाकडे जायचं, तिथून बारड डोंगराची चढण. आम्ही चौघं सकाळी साडेसहाला लागलो तरी वर पोचेपर्यंत शर्ट पिळून निघाले. कातळात कोरलेली लेणी आहेत. संजान हे पारशांचं जुनं गाव लढाईत पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, बारा वर्षं इथे लपवून ठेवला होता, अशी त्यांची परंपरा सांगते. हे मला आधी वाचून माहीत होतं, पण वर गेल्यावर वेगळाच विचार आला: एवढ्या उंचीवर, पावसाळ्यात, बारा वर्षं सुकी लाकडं कोण वाहून आणत असेल? आम्हाला दोन लिटर पाणी जड झालं होतं.

आमची चूक म्हणजे वाटाड्या घेतला नाही. उतरताना ढोरवाटेला लागलो आणि करवंदीच्या जाळीत अडकलो. गुरं राखणाऱ्या एका पोराने बाहेर काढलं. पैसे घेईना, बिस्किटांचा पुडा घेतला.

बोरिवली ते डहाणू
बाहरोटच्या पुढची गोष्ट गुजरातेतल्या उदवाड्याला. तो अग्नी फिरत फिरत 1742 मध्ये तिथे आला, अजून तेवता आहे. अग्यारीत फक्त पारशांना प्रवेश. आमची पारशी मैत्रीण आत गेली, आम्ही बाहेर ओट्यांची जुनी घरं बघत हिंडलो. वाईट वाटून घेऊ नका, गल्ल्या सुंदर आहेत.

आणि परतीची लोकल बघून ठेवा. 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते म्हणून मी निर्धास्त होते, पण विरारच्या पुढे गाड्या तुरळक. एक चुकली की फलाटावर बसा शेंगदाणे खात.

वाडीतला
घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पाहुणे 'झाडावर पिकलेला द्या' म्हणतात. अहो, चिकू कडक असतानाच उतरवतात. नखाने किंचित खरवडायचं: आत हिरवं दिसलं तर राहू द्या, पिवळसर दिसलं तर तयार. मग धुऊन चीक घालवायचा, वाळवायचा आणि घरात पिकवायचा. विकत घेतलात तर दोन-तीन दिवस धीर धरा. गाडीतच चावलात तर ओठ चिकटतील, मग आमच्या नावाने बोटं मोडू नका.

एक निनावी
आम्ही 'समुद्राकडे खिडकी' म्हणून जास्त पैसे भरले. नाव सांगत नाही. खिडकीतून औष्णिक केंद्राची चिमणी अगदी स्वच्छ दिसत होती.

बालवाडीवाल्या बाईंची मुलगी
कोसबाडची टेकडी कुणी सांगितलीच नाही! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बालशिक्षणाचं काम 1945 मध्ये बोर्डीला सुरू झालं आणि पुढे कोसबाडला गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरं चरतात त्या कुरणात न्यायची. माझी आई बालवाडी शिक्षिका होती, तिला तिथे न्यायचं राहून गेलं म्हणून निवृत्तीनंतर नेलं. ती वर काही बोलली नाही. झाडाखालच्या बिया आणि शंखशिंपले गोळा करत बसली. त्यांच्या बालवाडीत मोजायला हेच वापरायच्या म्हणे. पिशवी अजून कपाटात आहे.

गंजाडला जाऊन आलेला
वारली चित्रं दुकानातून घेऊ नका. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे गंजाडचे, 2011 चे पद्मश्री. त्या भागात आजही घरोघरी चित्रं काढणारे आहेत. एका घरी बसलो होतो. बाईने बांबूची काडी टोकाला चावून तिचा कुंचला केला, तांदळाच्या पिठीत बुडवला आणि गेरूवर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले. माणूस उभा! माझ्या पोराने तसाच काढला तर तो पोटातून दुमडला. बाई खूप हसली. भावात घासाघीस केली नाही, करूही नये.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. भावाला बाहरोटचं वाचून दाखवलं, तर तो आता बाबांनाही वर नेतो म्हणतोय. बाबा चौऱ्याहत्तरचे. धरणापाशी त्यांना बसवून ठेवता येईल अशी सावली आहे का?

डोंगरखुळा
सावली आहे, चहा नाही. थर्मास न्या.