खोल समुद्रातले रोमन अँफोरा: थेट वाट की भरकटलेली जहाजं?

दर्याखोल:
सिसिली आणि ट्युनिशियाच्या मधे स्केर्की बँक नावाचा खडकाळ उथळ पट्टा आहे. त्याच्या लगत, साधारण ८०० मीटर खोलीवर, समुद्रशोधक रॉबर्ट बॅलार्ड आणि पुरातत्त्वज्ञ ॲना मॅकॅन यांच्या पथकाला १९८८ ते १९९७ या काळात पाच रोमन जहाजांचे अवशेष मिळाले. मला त्या जहाजांपेक्षा सुटे अँफोरा जास्त बोलके वाटतात. दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे हे उंच रांजण कुठल्याही जहाजापासून दूर, चिखलात एकेकटे पडलेत. वादळात वजन उतरवायला ते समुद्रात टाकले आणि ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरचं कार्थेज ते रोम या थेट वाटेवर अशी खूण राहिली, असं मॅकॅन मांडतात. मला ते पटतं. रोमन नावाडी किनारा सोडायला घाबरत, ही समजूत आता टाकून द्यायला हवी. आफ्रिकेहून रोमजवळचं ओस्टिया बंदर दोन दिवसांत गाठल्याचं रोमन लेखक प्लिनीनेच लिहिलंय. किनाऱ्याकिनाऱ्याने ते जमणार नाही.

तांडेलाचा पुतण्या:
दोन दिवसांचा प्रवास म्हणजे विक्रम. प्लिनी तो कौतुकाने सांगतो, रोजचा म्हणून नाही. माझे काका रत्नागिरीला ट्रॉलरवर तांडेल होते. एकदा वारा फिरला तेव्हा त्यांनी आधी बर्फ फेकला, मग मासळीच्या पाट्या, आणि पाट्या उचलताना खलाशांचे हात थरथरत होते असं ते सांगायचे. तेव्हा बोट नेहमीच्या वाटेपासून कुठल्या कुठे गेली होती. फेकलेला माल जहाज कुठे अडचणीत आलं एवढंच सांगतो. त्यावरून वाट ठरवू नका.

दर्याखोल:
एका जहाजापुरतं मान्य. पण ही पाच जहाजं एका वादळातली नाहीत, इ.स.पू. पहिल्या शतकापासून इ.स. चौथ्या शतकापर्यंतची आहेत. चारशे वर्षं सगळी एकाच ठिकाणी भरकटतील?

तांडेलाचा पुतण्या:
खडक तिथे असेल तर का नाही? स्केर्की बँकेतला कीथ रीफ हा खडक जवळजवळ पाण्याच्या पातळीला येतो. वाऱ्याने ढकललेलं जहाज कुठूनही आलं तरी तिथेच आपटणार. हा सापळा आहे, हमरस्ता नव्हे.

खापरवेडी:
तुम्ही दोघंही अँफोरा भरलेले धरून चाललात. खलाशांनी वाइन प्यायची आणि रिकामा रांजण समुद्रात टाकायचा, हीसुद्धा शक्यता आहे. त्याला वादळ लागत नाही. तोंड उघडं असेल तर पाणी भरून तो बुडतो. आणि बूच दिसत नाही म्हणून रिकामाच होता, असंही म्हणता येत नाही. वर थोडी जरी हवा राहिली असेल, तरी एवढ्या खोलीवर ऐंशीपट दाब बूच आत ढकलेल.

अजून एक. पश्चिम भारतातल्या उत्खननांत ‘रोमन अँफोरा’ म्हणून नोंदलेली बरीच खापरं पुढे मेसोपोटेमियाच्या टॉर्पेडो जारची, म्हणजे लांबट बिनकानी रांजणांची, निघाली. आधी खापराची माती तपासा, मग जहाजाची वाट आखा.

दर्याखोल:
रिकाम्या रांजणांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण त्याने माझीच बाजू भक्कम होते ना? निवांत बसून वाइन पिणारे खलाशी संकटात नव्हते, म्हणजे ते तिथून ठरवूनच चालले होते. शिवाय याच काळातली जहाजं मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून केरळच्या किनाऱ्यावरच्या मुझिरीस बंदराला येत होती. त्यांना भूमध्य समुद्र अवघड जाईल?

तांडेलाचा पुतण्या:
मुझिरीसचा मुद्दा तगडा आहे, मान्य. पण मोसमी वारा महिनोन्महिने एका दिशेला वाहतो. भूमध्यात तशी खात्री नाही. वाऱ्याचा भरवसा नसेल तर नावाडी थांबतो; आमच्याकडेही पावसाळ्यात नारळी पौर्णिमेआधी होडी न लोटण्याची जुनी रीत आहे.

खापरवेडी:
१९९७ साली तिथून शंभराहून जास्त वस्तू वर आणल्या. त्यातल्या एकेका सुट्या अँफोराची नेमकी जागा आणि तो कुठल्या बाजूला कलला होता हे नकाशावर मांडलेलं असेल, तर हा वाद पुढे जाईल. २०२२ मध्ये युनेस्कोच्या मोहिमेत आठ देशांनी मिळून रोबोटने तळ पाहिला, तीन नवी जहाजं सापडली. मला तसंच काम हवं. उचललेला रांजण कपाटात सुंदर दिसतो, पण शेजारचा रांजण किती अंतरावर होता हे त्याला विचारता येत नाही.