मदत हवी आहे: अतिदक्षता विभागातील रुग्णाला जीवनसत्त्वे वेगळी द्यावीत का?

नमस्कार. माझी थोरली बहीण, वय ६३, न्यूमोनियातून सेप्सिस (संसर्गामुळे अवयवांचे काम बिघडणे) झाल्यामुळे गेले नऊ दिवस अतिदक्षता विभागात आहे. त्यांपैकी सात दिवस ती व्हेंटिलेटरवर आहे. रक्तदाब टिकवण्याचे औषध कमी होत आले आहे, परंतु मूत्रपिंडांचे काम मंदावल्यामुळे परवापासून डायलिसिस सुरू करावे लागले. उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर आमचा पूर्ण विश्वास आहे. हा धागा त्यांच्या उपचारांची उलटतपासणी करण्यासाठी काढलेला नाही. त्यांच्याशी रोज सकाळी जेमतेम दहा मिनिटे बोलता येते, आणि त्या दहा मिनिटांत नेमके काय विचारावे, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

प्रश्न जीवनसत्त्वांचा आहे. ताईच्या रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व ९ नॅनोग्रॅम आले आहे आणि अहवालात त्यापुढे 'तीव्र कमतरता' असे छापलेले आहे. तो कागद भाऊजींनी फोटो काढून नातेवाइकांना पाठवला आणि तेव्हापासून सल्ल्यांना पूर आला आहे. एकाच्या मते ड जीवनसत्त्वाचे मोठे इंजेक्शन ताबडतोब द्यायला हवे. दुसऱ्याने एक जुना लेख पाठवला असून त्यात क जीवनसत्त्व दर सहा तासांनी शिरेतून दिल्यास सेप्सिसचे रुग्ण वाचतात, असे म्हटले आहे. भाच्याने तर बहुजीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटलीच आणून ठेवली असून त्या कुटून नळीतून देण्याची परवानगी मागावी, असा त्याचा आग्रह आहे.

मी स्वतः एक गोष्ट पाहिली, ती सांगतो. तिच्या नाकातल्या नळीला जोडलेल्या द्रवाहाराच्या पिशवीवर '१ मिलिलीटर = १ किलोकॅलरी' असे लिहिलेले आहे आणि पंपावर ताशी ४० मिलिलीटर असा आकडा दिसतो. म्हणजे दिवसभर अखंड चालला तरी ९६० किलोकॅलरी. त्याच पिशवीच्या मागे, १५०० मिलिलीटरमध्ये दिवसभराची सर्व जीवनसत्त्वे मिळतात, असे बारीक अक्षरांत छापलेले आहे. मग उरलेल्या एक तृतीयांशाचे काय?

आणखी दोन गोष्टी कदाचित महत्त्वाच्या असतील. हृदयाच्या त्रासासाठी ताई गेली सहा वर्षे लघवी होण्याची गोळी, फ्युरोसेमाइड, घेत आहे. आणि दाखल होण्यापूर्वी दोन आठवडे तिचे जेवण जवळजवळ बंदच होते. खोकल्याने घास गिळवत नाही, म्हणून ती पातळ पेय घेऊन झोपत असे. आम्ही ते फारसे मनावर घेतले नाही, याची टोचणी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी अतिदक्षता विभागात काम करणारा डॉक्टर आहे. रुग्णाला न तपासता उपचार सांगणे योग्य नाही आणि तसे मी करणार नाही. परंतु काय विचारावे हे निश्चित सांगता येईल.

प्रथम ड जीवनसत्त्वाचा आकडा. शरीरात तीव्र दाह चालू असताना रक्तातील बऱ्याच जीवनसत्त्वांची पातळी खोटी उतरलेली दिसते. ज्या प्रथिनांना धरून ती रक्तात फिरतात, ती प्रथिनेच दाहामुळे आणि शिरेतून दिलेल्या भरपूर द्रवामुळे कमी झालेली असतात. त्यामुळे सीआरपी (दाह किती आहे हे दाखवणारी रक्ततपासणी) किती होते हे पाहिल्याशिवाय त्या ९ चा अर्थ लावता येत नाही. ताईंना ही कमतरता आधीपासून असेलही, परंतु तिच्यामुळे त्या आजारी पडल्या किंवा ती भरून काढल्याने त्या लवकर बऱ्या होतील, असे त्यावरून ठरत नाही. हे तपासूनही पाहिले गेले आहे. २०१४ मध्ये ऑस्ट्रियात ४९२ रुग्णांवर केलेल्या चाचणीत ५,४०,००० युनिटांच्या मोठ्या डोसाने रुग्णालयातील मुक्काम कमी झाला नाही. फक्त अतितीव्र कमतरता असलेल्या गटात मृत्यू कमी दिसले आणि तेवढ्यावरून मोठी आशा निर्माण झाली. २०१९ मध्ये अमेरिकेत हजाराहून अधिक रुग्णांना तोच डोस देऊन पाहिला. नव्वद दिवसांतील मृत्यू ड जीवनसत्त्व घेतलेल्या गटात २३.५ टक्के, तर न घेतलेल्यांत २०.६ टक्के होते. म्हणजे फायदा दिसला नाही. नेहमीच्या प्रमाणातली भरपाई ही वेगळी गोष्ट आहे. ती सावकाश करता येते आणि बहुतेक ठिकाणी करतातही.

क जीवनसत्त्वाची कथा अधिक बोधप्रद आहे. तुमच्या नातेवाइकांनी पाठवलेला लेख बहुधा २०१७ च्या अभ्यासावरचा असावा. त्यात क जीवनसत्त्व, हायड्रोकॉर्टिसोन आणि थायमिन असे तिन्ही दिलेल्या ४७ रुग्णांपैकी ४ दगावले आणि त्याआधीच्या महिन्यांतल्या ४७ पैकी १९. आकडे थक्क करणारे आहेत, पण ही तुलना आधीच्या आणि नंतरच्या रुग्णांची होती, कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवून केलेली नव्हती. पुढे २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्राझील येथील २१६ रुग्णांवर हेच मिश्रण चिठ्ठ्या टाकून तपासले, तेव्हा फरक दिसला नाही. आणि २०२२ मध्ये ८७२ रुग्णांवरच्या चाचणीत निव्वळ क जीवनसत्त्व दर सहा तासांनी वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅम दिले, तर मृत्यू किंवा अवयव निकामी राहणे याचे प्रमाण ४४.५ टक्के निघाले, न दिलेल्यांत ३८.५ टक्के. साठ किलोच्या माणसाला हा डोस दिवसाला १२ ग्रॅम होतो आणि निरोगी माणसाची रोजची गरज १०० मिलिग्रॅमच्या आत असते, हेही लक्षात घ्यावे. इतक्या मोठ्या प्रमाणातल्या क जीवनसत्त्वाचे शरीरात ऑक्झलेट नावाचे टाकाऊ द्रव्य होते आणि ते मूत्रपिंडात साचू शकते. ताईंची मूत्रपिंडे आधीच थकलेली आहेत. शिवाय बोट टोचून साखर मोजणारी काही यंत्रे रक्तातील क जीवनसत्त्वालाच साखर समजून आकडा वाढवून दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन दिले गेले तर साखर प्रत्यक्षात धोकादायक पातळीपर्यंत उतरते. दर दोन-चार तासांनी बोट टोचले जाणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ही शंका पुस्तकी राहत नाही.

आता ज्याविषयी तुम्हाला कोणीच सल्ला दिला नाही ते, म्हणजे थायमिन किंवा बी-१. तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. शरीरात थायमिनचा साठा जेमतेम ३० मिलिग्रॅम असतो आणि खाणे बंद झाले की तो दोन-तीन आठवड्यांत संपत येतो. फ्युरोसेमाइडमुळे ते लघवीवाटे जाते आणि डायलिसिसमध्येही वाहून जाते. साखरेपासून ऊर्जा तयार करण्याच्या वाटेवर ते लागतेच. ते नसेल तर ती वाट अडते, रक्तात लॅक्टेट (अर्धवट वापरल्या गेलेल्या साखरेपासून उरणारे द्रव्य) साचते आणि बाहेरून ते सेप्सिस बिघडल्यासारखेच दिसते. १९९७ मध्ये अमेरिकेत शिरेतून देण्याच्या बहुजीवनसत्त्वांचा तुटवडा झाला होता. तेव्हा पूर्णपणे शिरेतून पोषण घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये लॅक्टेट असेच चढले आणि त्याचे मूळ थायमिनच्या कमतरतेत सापडले. बराच काळ उपाशी राहिलेल्या माणसाला पोषण सुरू करताना थायमिन आधी द्यायचे आणि फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांवर रोज लक्ष ठेवायचे, हा नियम त्यामुळे आणि पोषण सुरू होताच हे तिन्ही क्षार रक्तात झपाट्याने उतरू शकतात म्हणून आहे. कित्येक विभागांत दिवसाला १०० ते ३०० मिलिग्रॅम थायमिन सुरुवातीपासूनच देतात, त्यामुळे तुमच्या ताईंनाही ते मिळत असण्याची शक्यता आहे. एवढेच विचारा: थायमिन चालू आहे का, फॉस्फेट किती आहे, आणि डायलिसिसमधून जाणाऱ्या जीवनसत्त्वांची भरपाई कशी होते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी असहमत आहे. माझ्या मामांना क जीवनसत्त्व दिले होते आणि ते बरे झाले. २०१९ च्या एका चाचणीतही मृत्यू ४६ वरून ३० टक्क्यांपर्यंत उतरले होते. स्वस्त औषधाचा कोणी प्रचार करत नाही, हे खरे कारण आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

आपले मामा बरे झाले, हे वाचून आनंद झाला. आपण म्हणता ती चाचणी १६७ रुग्णांची होती. ज्या गोष्टीसाठी ती आखली होती, म्हणजे अवयवांचे काम सुधारणे, त्यात फरक आढळला नाही. मृत्यूंमधला फरक अनेक दुय्यम मोजमापांपैकी एक होता. तो खरा आहे का, हे पाहण्याचे काम नंतरच्या मोठ्या चाचणीने केले आणि उत्तर उलटे आले. स्वस्तपणाचेच म्हणाल, तर थायमिनही स्वस्तच आहे आणि ते आम्ही रोज देतो.

प्रतिसाद ३

मी परिचारिका आहे. पंपावरचा दर पाहू नका, चोवीस तासांत प्रत्यक्ष किती द्रवाहार गेला ते विचारा. तो तक्त्यात लिहिलेला असतो. सीटी स्कॅनला नेताना, कूस बदलताना, पोट फुगले तर, असा तो दिवसातून अनेकदा थांबतो आणि ताशी ४० चे ९६० होत नाहीत, बऱ्याचदा ७०० सुद्धा होत नाहीत. आणि भाच्याला गोळ्या कुटू देऊ नका. नळी तुंबली की ती काढून नवी घालावी लागते, पुन्हा एक्स-रे काढावा लागतो आणि तोपर्यंत आहार बंद. तुमच्या ताईला त्याचा किती त्रास होतो, हे आम्ही रोज पाहतो. (अवांतर: दोन आठवडे जेवण कमी झाले ही गोष्ट दाखल करतानाच्या माहितीत लिहिली गेली आहे का, तेही पाहा. नातेवाईक ती सांगायचीच राहतात.)

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी डॉक्टरांना तिन्ही प्रश्न विचारले. थायमिन दुसऱ्या दिवसापासून चालू होते, परंतु जेवण दोन आठवडे बंद होते ही नोंद खरोखरच नव्हती. मी ती सांगितल्यावर त्यांनी थायमिनचा डोस वाढवला आणि फॉस्फेट मागवले. ते बरेच कमी निघाले, त्याची भरपाई आता सुरू आहे. डायलिसिसच्या रुग्णांसाठी ते पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे शिरेतून रोज देतात, ते आम्हाला ठाऊक नव्हते. क जीवनसत्त्वाचा मोठा डोस देणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि ड जीवनसत्त्व सीआरपी उतरल्यावर पुन्हा मोजू म्हणाले. काल प्रत्यक्ष ६४० मिलिलीटर आहार गेला होता. आजपासून दर ताशी ५५ केला आहे आणि मध्ये थांबला तर नंतर वेग वाढवून तूट भरून काढायची, असे तक्त्यावर लिहिले आहे.

संध्याकाळी लॅक्टेट थोडे उतरले. परंतु कालच प्रतिजैविकही बदलले आहे, त्यामुळे कशाने उतरले ते सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. बाटली भाच्याकडे परत दिली आहे.