वर्दी उतरवून राजकारणात: जवळून पाहिलेलं लिहा

सुशीलकुमार शिंदे फौजदार होते. १९७१ मध्ये नोकरी सोडली, १९७४ च्या पोटनिवडणुकीत करमाळ्यातून आमदार झाले आणि २००३ मध्ये मुख्यमंत्री. मुंबईचं पोलीस आयुक्तपद सोडून सत्यपाल सिंह २०१४ मध्ये बागपतचे खासदार झाले. उलट, २०१९ च्या विधानसभेला नालासोपाऱ्यात चकमकींसाठी गाजलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा पडले. ही मोठी नावं पेपरात येतात. प्रभागात, पंचायत समितीच्या गणात, ग्रामपंचायतीत उभ्या राहिलेल्या हवालदार-फौजदारांबद्दल कोण लिहितं? स्वतःचा, घरचा, शेजारचा अनुभव सांगा. गाव आणि पक्ष नाही सांगितलात तरी चालेल.

निवृत्त सहायक निरीक्षक
नगरपालिकेला उभा होतो. प्रचाराला निघताना बायको म्हणाली, "हात मागे बांधून चालू नका, राउंडला आल्यासारखं वाटतं." खरंच होतं ते. पहिल्याच गल्लीत एका आजींनी दार उघडलं, मला पाहिलं आणि आत वळून ओरडल्या, "काय केलंस रे आता?" नातू बिचारा जेवत होता. मी हात जोडून "मत द्या" म्हणतोय आणि म्हातारी म्हणतेय, "साहेब, यावेळी सोडून द्या."
तीस वर्षं लोक सलाम ठोकत होते, म्हणून मतंही तिथूनच येतील असा पक्षाचा हिशेब. पण ज्याच्या बापावर मी चॅप्टर केस (प्रतिबंधक कारवाई) केली, तोही सलाम ठोकतच होता की! शिवाय भांडण मिटवलं की एक बाजू खूश होते, दुसरी वर्षानुवर्षं लक्षात ठेवते. मला मतं मिळाली ती जिथे कधी ड्यूटी केली नाही त्या नव्या वसाहतीतून. थोडक्यात निवडून आलो.

हवालदाराची मुलगी
आमच्याकडे सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. पप्पांची तयारी वाया गेली आणि आई उभी राहिली. आई निवडून आली; लोक अजून पप्पांनाच फोन करतात, हा भाग वेगळा (आणि आईला तो बिलकूल आवडत नाही). पप्पांनी एकदा गटाराच्या कामाची पाहणी करून टिपण लिहिलं: "समक्ष हजर राहून पाहिले असता, पूर्वेस पडकी भिंत, पश्चिमेस उकिरडा..." ग्रामसेवक हसला. पण ठेकेदाराने पाइप कमी टाकल्याचं त्या पंचनाम्यातूनच सापडलं. पोलिसांनी राजकारणात यावं ते या सवयीसाठी, दरारा वगैरे राहू दे.

नोकरीत असलेला
आम्हाला यातलं काहीच करता येत नाही. सरकारी नोकरांच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत प्रचार बसत नाही. त्यामुळे फक्त वाचतोय.

विधानसभेला काम केलेला कार्यकर्ता
आमचे उमेदवार माजी अधिकारी. आदल्या रात्री पाकिटं कुठून कुठे जातात, नाकाबंदी कुठे ढिली असते, सगळं तोंडपाठ. उपयोग शून्य, कारण फोन उचलणारा ठाणेदार त्यांच्याच हाताखाली शिकलेला आणि म्हणायचा, "सर, वरून आदेश आहेत." हे वाक्य त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलेलं. आचारसंहितेच्या नोटिसा बजावणाऱ्या माणसाला विनापरवाना कोपरा सभेबद्दल नोटीस आली, तेव्हा त्यांनी आधी तिचा मसुदा तपासला आणि कलम चुकलंय म्हणाले! खर्चाची मर्यादा ४० लाख. समोरच्याचा खर्च कागदावर कितीही असो, डोळ्यांना दिसत होता. पडलो.

साधा मतदार
पोलिसांनी राजकारणात यावं, हे मला पटत नाही. आमचे नगरसेवक माजी पोलीस आहेत, रस्ता-पाणी बरं बघतात. पण फेरीवाल्यांना उठवताना पोलिसांनी हात उगारला, तेव्हा साहेब सभागृहात चकार शब्द बोलले नाहीत. जुन्या खात्याची बाजू सुटत नसेल तर आमची कोण घेणार?

फौजदाराचा भाऊ
इच्छुकांसाठी एवढंच: स्वेच्छानिवृत्तीची नोटीस वेळेत द्या आणि विभागीय चौकशी चालू असेल तर आधी ती निकाली काढा. भावाचा अर्ज मंजूर होऊन आला, तोवर उमेदवारी भरायची मुदत संपली होती. आता पुढच्या सोडतीत प्रभाग महिलांसाठी निघाला तर वहिनी उभ्या राहणार म्हणतात. भावाला अजून सांगितलेलं नाही.