तिसऱ्या लेव्हलला बुजगावणं उठवणारा मंत्र चालेल का?

रानवाट: डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा भूमिका घ्यायचा खेळ) याच्या पाचव्या आवृत्तीच्या कॅम्पेनमध्ये मी विझार्ड, म्हणजे जादूगार, खेळते, आत्ता पाचवी लेव्हल. डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) स्वतःचा मंत्र बनवायची मुभा दिलीय. माझी विझार्ड शेतकऱ्याघरची, मढी उठवणं तिला जमणार नाही. तिनं बुजगावणं उठवावं. माझ्या आजोळी ज्वारीत उभं असायचं तसं, आडव्या काठीवर फाटका सदरा आणि डोक्याला चुना फासलेलं मडकं.

आराखडा असा: मंत्राची लेव्हल तिसरी (पात्राची लेव्हल वेगळी), म्हणायला एक मिनिट, मुदत २४ तास, कॉन्सन्ट्रेशन नाही, म्हणजे मंत्र टिकवायला लक्ष गुंतवून ठेवायला नको. २०१४ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या राक्षसांच्या पुस्तकातलं बुजगावणं जसंच्या तसं, ३६ एचपी (किती मार सोसेल) आणि ११ एसी (वार लागायला किती अवघड). डीएम म्हणतो, फार ताकदवान होतंय. काय कापू?

मडकेफोड: डीएमचं बरोबर आहे. त्याच लेव्हलचा 'अ‍ॅनिमेट डेड' हा मढं उठवणारा मंत्र एक झॉम्बी देतो, त्याला २२ एचपी आणि ८ एसी. पण एचपी सोडा, खरी अडचण बुजगावण्याच्या नजरेची आहे. सेव्ह (बचावाचा फासा) चुकला की समोरचा घाबरून पॅरलाइज होतो, जागीच लुळा पडतो, आणि मग जवळून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे नुकसानाचे फासे दुप्पट. ती नजर काढाच.

सोळाफासे: मी डीएम आहे, माझा जीव वेळेत अडकलाय. आमच्याकडे एकीनं प्राणी बोलावणाऱ्या जुन्या 'कॉन्ज्युअर अ‍ॅनिमल्स'नं आठ लांडगे आणले. लांडगे टोळीनं लढतात, म्हणून प्रत्येकाला दोन फासे. एका फेरीत नुसते वाराचेच सोळा! बाकीचे चौघं बसून राहिले, त्यातली एक नवीन मुलगी होती, पुढच्या वेळी ती आलीच नाही. ते मला अजून लागतं. म्हणून एका वेळी एकच बुजगावणं, वरच्या लेव्हलचा स्लॉट (मंत्र म्हणायला खर्च होणारी ताकद) वापरला तरी.

२०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकातले समन, म्हणजे मदतीला कुणाला बोलावायचे, मंत्र बघा. एकच प्राणी, स्लॉट मोठा तसा तो वाढतो. पण ते तासभरच टिकतात आणि कॉन्सन्ट्रेशन खातात. तुम्हाला २४ तास हवेत, तर लढाईतली ताकद सोडावी लागेल. आणि नजर पूर्ण काढू नका हो, बुजगावणं घाबरवणार नाही तर काय करणार? घाबरवू दे, पॅरलाइज नको.

रानवाट: हे पटलं. पॅरलाइज गेलं, एका वेळी एकच, हुकूम बोनस (पाळीतली छोटी जादा) अ‍ॅक्शननं, एचपी २२. आगीचं नुकसान दुप्पट हे मात्र ठेवते, कडबा आहे तो.

एक भर घालतेय. होमनक्युलस (छोटा कृत्रिम सेवक) बनवायच्या मंत्रात विझार्डला स्वतःचं रक्त सांडावं लागतं. इथं कापड लागेल, आणि ते कुणीतरी अंगावर वापरलेलंच हवं. बुजगावणं पडलं की कापडही गेलं.

तिच्या पिशवीत सध्या एकच तसा कपडा आहे, गेलेल्या बापाचा सदरा. शनिवारी खेळ आहे. तो वापरायचा की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.