साईट छान आहे म्हणतात, तरी फोन येतातच. काय करू?

शाईपेन
आमच्या वाचनगटाची साईट मी एकट्याने बांधली आहे. पुस्तकांची यादी, कुठलं पुस्तक कोणाकडे आहे ते, आणि हवं असलेलं पुस्तक आपल्या नावावर ठेवायचा फॉर्म. एवढंच. तरी आठवड्याला चार-पाच फोन येतात, "पुस्तक राखून कुठे ठेवायचं रे?" अहो, प्रत्येक पुस्तकाच्या पानावर अगदी वर भलीमोठी निळी पट्टी आहे, तेच बटण! वरच्या मेन्यूतही दिलंय. साईट कशी वाटली विचारलं, तर सगळे म्हणतात छान आहे. आता पहिल्यांदा येणाऱ्याला बाण दाखवत साईटभर फिरवणारी टूर टाकावी म्हणतो. कोणी वापरली आहे का?

गवतीचहा
टूर नको. अशी टूर सुरू झाली की मी आधी तिची फुली शोधते. कामासाठी आलेल्या माणसाला अडवून आधी धडा कशाला द्यायचा?

जुनाखिळा
छान आहे असंच म्हणणार लोक. साईट तुम्ही बांधलीय हे त्यांना ठाऊक आहे.

मी बरीच वर्षं फॉर्मच करतोय, आणि मला त्यातलं कळतं असा माझाही समज होता. एकदा माझ्याच एका फॉर्मवर मावशी अपॉइंटमेंट घ्यायला बसली आणि मी मागे उभा होतो. नाव लिहून झालं. जन्मतारखेच्या चौकटीत मी फिकट अक्षरांत नमुना दिला होता. तिने बोट टेकवलं, टाइप करायला लागली, आणि नमुना गायब. मग तिने आपल्या सवयीने मध्ये टिंबं देऊन तारीख लिहिली. मला हव्या होत्या आडव्या रेघा. बटण दाबल्यावर पान टुणकन वर गेलं, लाल अक्षरांत 'अवैध माहिती', आणि खालच्या सगळ्या चौकटी कोऱ्या. कुठली माहिती अवैध, ते कुठेच नाही. मावशी म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल," आणि पुन्हा पहिल्यापासून नाव लिहायला लागली.

टिंब आणि रेघ दोन्ही चालवून घ्यायला मला दोन ओळींचा कोड पुरला असता. तेव्हापासून नमुना चौकटीच्या बाहेर कायम दिसेल असा, चूक असेल त्या चौकटीला लागूनच सूचना, आणि भरलेलं काहीही पुसायचं नाही.

तर दोन-तीन जणांना शेजारी बसवा. साईट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांना वापरताना पाहिलं तरी सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. त्या आकड्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, ते सोडा. माझ्या बाबतीत तर पहिल्या माणसालाच घाम फुटतो. म्हणजे मला. फक्त 'ते बटण दिसतंय का' असं विचारू नका, उत्तर प्रश्नातच आलं. "तुम्हाला हे पुस्तक वाचायचंय, पण ते दुसऱ्याकडे आहे, आता काय कराल?" एवढं म्हणा आणि गप्प बसा. हेच सगळ्यात अवघड. मी स्वतःच्या हातांवर बसतो, नाहीतर बोट आपोआप स्क्रीनकडे जातं.

कानामात्रा
निळ्या पट्टीवरची अक्षरं कुठल्या रंगाची आहेत? वेबच्या सुलभतेचे जे डब्ल्यूसीएजी निकष आहेत, त्यांत साध्या मजकुराला किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, सांगितलाय. चौकटीतल्या अक्षरांचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी असेल तर आयफोनवर बोट टेकवताच पान झूम होतं आणि माणूस गोंधळतो. आणि देवनागरीला ओळींमधलं अंतर जरा सढळ ठेवा हो. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला भिडलेला बघवत नाही.

शाईपेन
तिघांना बसवलं. हातांवर बसायची युक्ती उपयोगी पडली.

ती निळी पट्टी एकानेही पाहिली नाही. एक जण म्हणाला, "ती? मला जाहिरात वाटली." तिघेही थेट खाली माहिती वाचायला गेले. वाचून झाल्यावर पुस्तक हवंसं वाटलं, तेव्हा बटण दोन स्क्रीन वर राहिलेलं. दुसरी होती ती मेन्यू उघडून 'राखून' हा शब्द शोधत बसली. मी लिहिलं होतं 'आरक्षण विनंती'. फोनवर इतके दिवस सगळे 'राखून ठेवायचं' म्हणतायत, आणि हा भारदस्त शब्द मी कुठून आणला देव जाणे. तिसरा पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या चित्रावर सारखं बोट आपटत होता.

जुनाखिळा
आपटणारच. बाकी बहुतेक साईटवर चित्र दाबलं की काहीतरी उघडतं. तिथली सवय घेऊनच माणूस तुमच्याकडे येतो. चित्र दाबल्यावर मोठं होऊ द्या, काम संपलं.

शाईपेन
केलं. पट्टी काढली. माहिती संपते तिथेच साधं बटण ठेवलंय, 'हे पुस्तक राखून ठेवा'. टूरचा विचार सोडला.

दहा दिवसांत त्याबद्दल एकच फोन आला. म्हणजे दोन आले, पण दुसरा वेगळा होता, "राखून ठेवलेलं रद्द कसं करायचं?" तेवढं मी बनवलेलंच नाही. आज रात्री बसतो.