विषय: मोआबला आई-बाबांना घेऊन जायचंय, डेलिकेट आर्च जमेल का?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा मे महिन्यात आलेत, जुलैच्या पहिल्या आठवड्यात परत जाणार. त्याआधी जूनच्या दुसऱ्या वीकेंडला युटातल्या मोआबला जाऊन आर्चेस नॅशनल पार्क दाखवायचं ठरतंय. डेन्व्हरहून सहा तास धरतोय, दोन रात्री राहणार. बाबा 67 चे, पुण्यात रोज सकाळी पर्वती चढून उतरतात. आई 62, तिचा उजवा गुडघा कुरकुरतो, पण सपाट रस्त्यावर ती आमच्यापेक्षा जास्त चालते.

बाबांनी युटाच्या गाडीच्या नंबरप्लेटवर ती कमान, म्हणजे डेलिकेट आर्च, बघितली आणि तेव्हापासून एकच धोशा, तिथपर्यंत चालत जायचं. ट्रेल जाऊन-येऊन तीन मैल आहे आणि सावली नाही एवढं वाचलंय. ऊन फार असेल म्हटलं तर म्हणतात एप्रिलमध्ये पुण्यात 41 बघून आलोय, मला उन्हाचं सांगू नका. कोणी मोठ्या माणसांना घेऊन गेलं असेल तर प्लीज खरं काय ते सांगा, पाणी किती, किती वाजता निघायचं, आईला कुठे नेता येईल.

— ऑरोराहून


उत्तर: मोआबला आई-बाबांना घेऊन जायचंय

ताई, तुझी मेल वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो, कारण "मला उन्हाचं सांगू नका" हे आमच्या अण्णांचंही, म्हणजे माझ्या वडिलांचंही, वाक्य होतं. तीन वर्षांपूर्वी, जूनच, आणि अण्णा तेव्हा 69 चे. वाईचा माणूस, उमेदीच्या काळात दरवर्षी राजगडला जाणारा, त्यामुळे तीन मैल म्हणजे काय असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

हॉटेलात निवांत नाश्ता करून आम्ही वुल्फ रँचच्या पार्किंगला, जिथून ट्रेल सुरू होतो तिथे, साडेदहाला पोचलो. सगळं तिथेच चुकलं. सुरुवात फार छान आहे, 1900 च्या सुमारास इथे राहिलेल्या वुल्फ कुटुंबाची छोटीशी लाकडी केबिन, मग ओढ्यावरचा पूल, थोडं पुढे कातळावर इथल्या मूळच्या यूट लोकांनी कोरलेले घोडेस्वार आणि मेंढे. अण्णा तिथे बराच वेळ रमले, घोडे आहेत म्हणजे स्पॅनिश लोक आल्यानंतरचं काम असणार हे त्यांनीच आम्हाला सांगितलं आणि खाली पाटीवरही तेच होतं. त्यानंतर वाट उघड्या कातळावर येते. स्लिकरॉक म्हणतात पण कोरडा असला की बूट मस्त धरतो, घसरायची भीती नाही. रस्ता असा नाहीच, दगडावर दगड रचून खुणा केल्यात त्या बघत सरळ वर चढायचं, डोक्यावर सूर्य आणि खालून तापलेला कातळ, झाड म्हणून एक नाही.

आता ऐक. पुण्यात 41 असतं तेव्हा दुपारी बारा ते चार आपले आई-वडील कुठे असतात? घरात, पडदे ओढून, पंख्याखाली. आणि सह्याद्रीत चढताना घामाच्या धारा लागतात, शर्ट पाठीला चिकटतो, म्हणून आपोआप पाणी पितो. इथे हवा इतकी कोरडी की घाम आला की लगेच उडून जातो, अंगावर दिसतच नाही. अण्णांचा शर्ट कोरडा होता आणि मला वाटलं, वा, अण्णा फिट आहेत. टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली होती ती मला नंतर फोटोत दिसली. त्यात उंचीही आहे, ट्रेल सुरू होतो तोच साधारण 4300 फुटांवर, म्हणजे राजगडाचा माथा जेवढा उंच जवळपास तेवढ्यावर तुम्ही गाडीतून उतरता.

कातळाच्या अर्ध्यावर अण्णा थांबले आणि म्हणाले डोळ्यापुढे काजवे चमकतायत. हाताला हात लावला तर चटका बसेल इतका गरम आणि पूर्ण कोरडा. बाटली बघितली तर जवळजवळ भरलेली. का प्यायले नाहीत? तर वाटेत बाथरूम नाही म्हणून. हे त्यांनी मला नाही, रात्री आईला सांगितलं, आणि आईने मला. हे मी मुद्दाम सगळ्या लिस्टला लिहितोय कारण आपल्या घरचे मोठे लोक मुला-सुनेसमोर हे कधी बोलत नाहीत आणि गुपचूप पाणी कमी पितात. टॉयलेट फक्त पार्किंगला आहे, पुढे काही नाही, तेव्हा निघतानाच मोकळेपणाने बोल की लागली तर काय करायचं ते आपण बघू पण पाणी प्यायचं.

सावली नव्हती म्हणून बायकोने आणि मी तिची ओढणी दोन टोकांना धरून त्यांच्यावर धरली, वीसेक मिनिटं तसेच उभे. वरून उतरणाऱ्या एका जोडप्याने आपणहून थांबून इलेक्ट्रोलाइटची पाकिटं दिली, रुमाल ओला करून मानेवर ठेवला. मग हळूहळू खाली. कमान दिसलीच नाही, ती अगदी शेवटी कड्याच्या कडेने वळल्यावरच दिसते, तोपर्यंत तिचा पत्ता नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पार्कातल्याच विंडोज नावाच्या कमानींच्या भागात गेलो. तिथे पार्किंगपासून जेमतेम चालायचं. नॉर्थ विंडोच्या खाली उभे राहून अण्णा वर बघत राहिले आणि म्हणाले, "अरे हे तर नेढं!" आणि खरंच गं, इतके वर्षं आर्च आर्च म्हणत होतो आणि आपल्याकडे त्याला अस्सल शब्द आहे हे डोक्यातच आलं नव्हतं. सुवेळा माचीचं नेढं, रतनगडाचं नेढं. फरक एवढाच की आपल्याकडे गडावर एखादं असतं आणि या पार्कात नोंदलेली 2000 च्या वर आहेत, तीन फुटांचं भोक असलं तरी मोजतात. आपला कातळ लाव्हाचा काळा, इथला वाळूचा लाल. त्या वाळूच्या दगडाखाली मिठाचा जाड थर आहे, 30 कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचा. वरच्या वजनाने ते मीठ सरकलं, फुगलं, वरचा दगड समांतर भेगांनी चिरला, भेगा रुंदावत उभ्या पातळ भिंती उरल्या आणि पाणी नि हिवाळ्यातलं गोठणं त्या भिंतींना पोखरत गेलं. अण्णा तिथे तासभर बसले, नेढ्यात वारा येतो ना तसा तिथेही येतो.

तुमच्यासाठी माझं म्हणणं स्पष्ट सांगतो. बाबांना न्यायचंच तर सहाच्या आत वुल्फ रँचवरून चालायला लागा, नऊच्या आत परत गाडीत. माणशी तीन लिटर पाणी पाठीवर, आणखी गाडीत, कारण त्या पार्किंगला पाणी नाही, नळ व्हिजिटर सेंटरला आणि पार रस्त्याच्या टोकाला डेव्हिल्स गार्डनला. दर वीस मिनिटांनी थांबून सगळ्यांनी प्यायचं, तहान लागो न लागो. नुसतं पाणी नको, मीठ-साखर घातलेलं किंवा कोकम सरबत, आणि बरोबर खारे दाणे, राजगिऱ्याचे लाडू. पार्कात खायला काही मिळत नाही. आणि कोणी एकाने जरी नको म्हटलं तर सगळ्यांनी फिरायचं, हे आदल्या रात्री बाबांकडून कबूल करून घे. सूर्यास्ताला कमान फार सुंदर दिसते म्हणून पुष्कळ जण संध्याकाळी जातात पण मग तो कातळ अंधारात उतरावा लागतो, आई-बाबांबरोबर मी तरी नाही जाणार.

— लिटलटनहून


उत्तर: मोआबला आई-बाबांना घेऊन जायचंय

दादांनी लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, मी फक्त भर घालते. माझे या पार्काला सात-आठ वेळा जाणं झालंय, सासूबाईंना घेऊन दोनदा.

गुडघेवाल्या आईसाठी डबल आर्च आणि लँडस्केप आर्च. डबल आर्च अर्ध्या मैलाच्या आसपास, जाऊन-येऊन. लँडस्केप आर्च दोन मैलांच्या आत, वाट दाबून घट्ट केलेली आहे, थोडा चढ-उतार. 306 फूट लांबीची ती कमान मधे इतकी बारीक झालीय की बघताना श्वास रोखला जातो. 1991 साली तिच्या खालच्या बाजूने साठेक फुटांची कपार निखळून पडली, तेव्हा खाली लोक होते, आवाज ऐकून पळाले म्हणून वाचले, त्यानंतर खालून जाणारी वाट बंद केली. तिच्या पुढेच वॉल आर्च होती, मी 2006 ला तिच्याजवळ उभी राहून फोटो काढलाय आणि 2008 च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत ती कोसळली. पुढच्या वेळी गेले तर नुसता दगडांचा ढीग. म्हणून म्हणते, आई-बाबा इथे आहेत तर दाखवाच. डेलिकेट आर्च आईला लांबूनही दिसेल, व्ह्यूपॉइंटचा वेगळा रस्ता आहे, गाडीपासून अगदी पन्नास-शंभर पावलांवर.

आता माझी कळकळीची विनंती, आणि ही सगळ्यांनाच. वाटेच्या बाजूला वाळूवर काळसर, खडबडीत, बुरशी धरल्यासारखी माती दिसते. ती माती जिवंत आहे. त्यात सूक्ष्म जीव असतात, त्यांच्या चिकट धाग्यांनी वाळूचे कण धरून ठेवलेले असतात म्हणून वाऱ्याने माती उडत नाही आणि झुडपं तग धरतात. एक पाय पडला की तुटते आणि परत धरायला कित्येक वर्षं, काही ठिकाणी पिढ्या लागतात. मागे आपल्यातलीच मुलं ग्रुप फोटोसाठी वाट सोडून त्यात शिरली, मी ओरडले तर एक जण म्हणाला काकू माती तर आहे. मी खाली बसून त्याला जवळून दाखवलं, छोटी छोटी शिखरं, कुठे हिरवट कुठे पांढरे ठिपके, मग तो स्वतःच बाकीच्यांना हाका मारायला लागला. कातळावर किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूत पाय ठेवा, बाकी कुठे नाही. कातळातल्या पाण्याच्या खळग्यांत हात-पाय धुवू नका, त्यातही जीव असतात. आणि दगडावर नाव कोरणं, आपल्या गडांवर जे बघून पोटात तुटतं ते इथेही होतं, 2016 ला डेलिकेटच्या वाटेवरच्या फ्रेम आर्चवर कोणीतरी भलीमोठी अक्षरं कोरली होती.

2022 पासून गर्दीच्या महिन्यांत आत शिरायची वेळ आधी बुक करायला लावत होते, नियम बदलत राहतात, निघण्याआधी पार्कच्या वेबसाइटवर बघून घ्या.

— बोल्डरहून काकू


उत्तर: मोआबला आई-बाबांना घेऊन जायचंय

दादा, काकू, काल रात्री परत आलो.

बाबांना दादांची मेल मोठ्याने वाचून दाखवली होती. बाथरूमच्या भागाला ते काही बोलले नाहीत, पण रात्री स्वतः उठून चार बाटल्या भरून दारात ठेवल्या. पावणेसहाला चालायला लागलो. कातळावर दोनदा बसलो, दुसऱ्यांदा बाबा म्हणाले श्वास लागतोय, फिरायचं का, मी हो म्हटलं आणि उठले, तर ते म्हणाले थांब, आधी सरबत पिऊ. दहा मिनिटं बसलो, मग त्यांना बरं वाटलं, आणि सव्वासातला त्या कड्याच्या वळणावरून कमान दिसली. नंबरप्लेटवर ती केवढीशी दिसते, प्रत्यक्षात खाली उभा असलेला माणूस तिच्या पायाच्या घोट्याएवढाही नाही. बाबा कमानीच्या खाली गेले नाहीत, लांबच बसले, आईला व्हिडिओ कॉल लावायला बघत होते पण रेंज नव्हती. साडेनऊला गाडीत, तेव्हाच नव्वद फॅरनहाइट (म्हणजे साधारण 32 सेल्सिअस) झालं होतं.

आई डबल आर्चखाली अर्धा तास बसली. आणि काकू, काळी माती मी दाखवायच्या आधी तिनेच ओळखली, मग समोरच्या एका कुटुंबाच्या लहान मुलाला हाताने खुणावून वाटेवर आणलं, भाषा येत नसताना.

आमच्याकडे इलेक्ट्रोलाइटची अकरा पाकिटं आणि चालायच्या काठ्यांचा एक जोड उरलाय. पुढच्या महिन्यात कोणी मोआबला आई-वडिलांना घेऊन जाणार असेल तर सांगा, शनिवारी मराठी शाळेत येताना घेऊन येते.

— ऑरोराहून