मदत हवी आहे: पोलीस भरतीची तयारी आणि उजव्या नडगीचं दुखणं

काळी_माती:
नमस्कार दादा-ताईंनो. मी अमळनेर तालुक्यातली. पोलीस शिपाई भरतीची तयारी चालू आहे. उजव्या नडगीची आतली कड दुखते. आधी पळून झाल्यावर दुखायची, आता पळायला सुरुवात केली की लगेच ठणका लागतो.

गावात मैदान नाही. शाळेचं पटांगण आहे, पण एवढंसं की वळणं घेण्यातच वेग मरतो. शेतरस्त्याने पळावं तर आपली जमीन सगळ्यांना माहीत आहे. पाऊस झाला की बुटाच्या तळाला चिखलाचा थर बसतो, पाय उचलत नाही. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात पाय मुरगळला की संपलं. राहिला डांबरी रस्ता. चोपड्याकडून केळीच्या गाड्या सुरू व्हायच्या आत पळून घ्यायचं, तेही एकाच कडेने, कारण दुसऱ्या बाजूला कुत्री.

ज्या अकादमीत जाते तिथले सर म्हणतात, "दुखणं पळूनच मोडतं." पळायच्या आधी दुखण्याची गोळी घ्यायला सांगतात. बाकीच्या मुली घेतात. मीही घेऊन पाहिली. पळताना कळ जाणवत नाही हे खरं, पण संध्याकाळी जिना उतरवत नाही. हे काही मला पटत नाही. सरांच्या हाताखालून मुलं लागली आहेत, त्यामुळे घरी मात्र त्यांचंच ऐकतात.

८०० मीटरला ३ मिनिटं ५ सेकंदांच्या आसपास येते, म्हणजे २० पैकी १६. २ मिनिटं ५० सेकंदांत आले तर पूर्ण गुण. वजन उतरलं की वेळ सुधारेल असं सगळे म्हणतात म्हणून रात्रीची भाकरी सोडली आहे. १०० मीटर बरं आहे. गोळा जेमतेम जातो. अकादमीत चार किलोचा गोळा एकच, त्याला रांग.

पळणं थांबवू का? थांबवलं तर दम जाईल का? आणि दाखवायचं तर कोणाला, मालिशवाल्याला की हाडाच्या डॉक्टरला?

गिरणा_पट्टा:
कशी शे ताई? मी राज्य राखीव पोलीस बलात आहे, धुळ्याला. आधी एक सांग, बूट किती जुने? टाच एका बाजूने झिजली असेल तर वरून नवे दिसले तरी टाकून दे. आणि रोज एकाच कडेने पळतेस तिथेच घोळ आहे. डांबरी रस्ता मधे उंच, कडेला उतरता असतो. दोन्ही पायांवर भार सारखा पडत नाही. जाताना एक कड, येताना दुसरी. कुत्र्यांसाठी हातात काठी ठेव.

गोळी घेऊन पळणारी पोरं आमच्या बॅचलाही होती. भरती झाली, पण प्रशिक्षणात परेडचे जड बूट, रोजची पीटी आणि कदमताल. टाच आपटून आपटून नडगी पुन्हा जागी झाली. नोकरी लागल्यावर बंदोबस्तात बारा-बारा तास उभं राहायचं असतं. पाय तेव्हाही लागतो.

सातपुडा_फौजी:
आमच्या वेळी कोण डॉक्टर आणि कसले बूट. सैन्यात सतरा वर्षं काढली. पाय दुखला की मोहरीचं तेल चोळायचं आणि पुन्हा पळायचं. आजची पोरं जरा दुखलं की बसतात. तरी गोळी घेऊ नकोस, तेवढं त्या सरांचं ऐकू नको.

पायाची_ताई:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, जळगावला. काका, तेल चोळल्याने स्नायूला बरं वाटतं, हाडाला गेलेली बारीक चीर तेलाने भरत नाही.

काळी_माती, नडगीची आतली कड वरपासून खालपर्यंत एका बोटाने दाबत ये. तळहाताएवढ्या पट्ट्यात सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल तर बहुतेक हाडावरच्या आवरणाची आणि स्नायूच्या जोडाची सूज आहे. भार कमी केला की उतरते. पण एकाच ठिकाणी बोट टेकताच कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला चीर असू शकते. मग पळणं, उड्या, दोरी सगळं बंद, आणि हाडाच्या डॉक्टरला दाखवायचं. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमध्ये ती चीर बहुतेकदा दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे, पळ" असं कोणी म्हणालं तरी दुखणं सांगत राहा, गरज पडली तर एमआरआय करतात.

आता जरा खाजगी, पण विचारायलाच हवं. पाळी वेळेवर येते का? पोटाला कमी आणि पळणं जास्त झालं की आधी पाळी बिघडते आणि मग हाड स्वतःची डागडुजी करेनासं होतं. भरतीच्या मुलींमध्ये मी हे पुन्हा पुन्हा पाहते. रात्रीची भाकरी आजपासून सुरू कर. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, दूध, शेंगदाणे, जे घरात आहे ते पोटभर. वेळ सुधारायला उपाशी राहावं लागत नाही.

गोळ्यांबद्दल: त्या दुखण्याचा इशारा बंद करतात, दुखणं नाही. आणि आपल्याकडच्या उन्हात, घाम गाळत, पाणी कमी पिऊन त्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडावर येतं.

दमाची काळजी करू नकोस. दुखत नसेल तर सायकल चालव, दोन-तीन आठवड्यांत दम फारसा जात नाही. आणि तेवढ्या काळात गोळा फेकण्याकडे बघ. त्यालाही १५ गुण आहेत, ८०० मीटरमध्ये चार गुण वाढवायला जेवढं रक्त आटवतेस त्याच्या निम्म्या मेहनतीत तिथे ते मिळतील. चीर नाही हे कळलं की ओट्याच्या कडेला चवडे टेकवून टाचा वर-खाली करायला सुरुवात कर, सावकाश, भिंतीला हात लावून.

काळी_माती:
ताई, दाबून पाहिलं. घोट्यापासून वीतभर वर एकच जागा आहे, तिथे बोट टेकलं तरी डोळ्यात पाणी येतं. रात्रीही ठणकतं. पाळी पुढे गेली आहे, मला वाटलं दगदगीने असेल. सरांना काय सांगू?

पायाची_ताई:
सरांना नंतर सांग, आधी डॉक्टर. पाळीचंही तिथे स्पष्ट बोल, लाजू नकोस. उद्यापासून एक पाऊलही पळायचं नाही.

गिरणा_पट्टा:
तुला धुळं जवळ. सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीला ये, सकाळी लवकर, केसपेपरची रांग मोठी असते. जुने बूट सोबत आण, डॉक्टरला तळ दाखव. आणि चार किलोचा गोळा माझ्याकडे पडून आहे, बहिणीने भरती झाल्यावर टाकून दिला. बरी झालीस की घेऊन जा.